कारणाचा रकाना

शिष्यवृत्ती योजनांचे नियम ठरवणाऱ्या मुंबई-दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना, आणि ते नियम कॉलेजात राबवणाऱ्या प्राचार्यांना,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात मी बावीस वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. आता सेवानिवृत्त आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. बरीचशी तक्रार कॉलेजची नाहीच, आणि जिथं आहे तिथं नाव घेऊन कुणाचं भलं व्हायचं नाही.

माझ्या खिडकीवर कागदी अर्जांचे गठ्ठे आले, मग राज्य सरकारचं महाडीबीटी पोर्टल आलं, केंद्राचं नॅशनल पोर्टल आलं. ‘फ्रेश’, ‘रिन्यूअल’, ‘सेंड बॅक’, ‘व्हाउचर रिडीम’ (म्हणजे मंजूर रक्कम खात्यावर घेणं) हे शब्द पोरांच्या आणि माझ्या तोंडी बसले. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र कुठल्याच पोर्टलवर आली नाही. तेवढ्याचसाठी हे पत्र.

आधी एक कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना आपण मला ‘सगळ्यांना सगळं द्या’ म्हणणाऱ्यांत धरणार नाही. शिष्यवृत्तीला अभ्यासाची अट असलीच पाहिजे. बी.ए. भाग दोनला नाव असलेला एक पोरगा वर्षातनं तीनदा कॉलेजात दिसायचा: अर्ज भरायला, परीक्षेला आणि “सर, माझं व्हाउचर आलं का?” विचारायला. मधल्या काळात तो पुण्यात एका हॉटेलात काम करायचा. त्याच्यावर माझा राग नाही, घरची ओढाताण मला ठाऊक होती. पण सरकारी पैसा वर्गात बसण्यासाठी असेल, तर वर्गात कोण बसतंय हे पाहिलंच पाहिजे. हजेरी पाहा, निकाल पाहा, पुढच्या वर्गात गेला का पाहा. त्यात काही वावगं नाही.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. आकडा कमी पडला की आपली योजना थांबते. का कमी पडला, हे कुणी विचारत नाही. विचारायला रकानाच नाही.

माझ्या वहीत होता. महाद्वार रोडवरनं आणलेली कापडी पुठ्ठ्याची लांब वही. अनुक्रमांक, नाव, वर्ग, योजना, हजेरी, निकाल, शेरा असे रकाने छापील. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी शेऱ्याच्या पुढं पेन्सिलीनं एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं ‘कारण’. साहेबांनी विचारलं, हे कशाला? म्हटलं, मला लक्षात राहावं म्हणून. त्या रकान्यात काय आहे ते चाळलं, तर कोल्हापूर जिल्ह्याचं वर्षाचं वेळापत्रकच हाती येतं. जुलै-ऑगस्टात ‘रस्ता बंद’. दिवाळीनंतर ‘तोड आली’. मधे मधे ‘आई सीपीआरला’, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात. २०२१ च्या दिवाळीपासनं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पानंच्या पानं एकच शब्द, ‘एसटी’. संप होता, कॉलेजं कोरोनानंतर नुकतीच उघडलेली, आणि चंदगड-आजऱ्याकडच्या पोरांनी यायचं कशानं याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं.

‘तोड आली’ म्हणजे काय हे मुंबईतल्या साहेबांसाठी सांगतो. दीड-दोन एकर ऊस असलेल्या घरात कारखान्याची ऊसतोडीची टोळी कधी येईल याचा नेम नसतो. महिनाभर वाट बघायची आणि एक दिवस रात्री निरोप येतो, सकाळी टोळी तुमच्या फडात. मग घरातला प्रत्येक हात लागतो. वाडं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचं, ट्रॉली रस्त्याला काढायची, पाणी-चहा बघायचा. तीन-चार दिवस कॉलेज विसरायचं. नेमकी त्याच सुमाराला पहिल्या सत्राची परीक्षा असते.

आता एका मुलीचं सांगतो. गगनबावड्याकडची. बारावीला बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलेली, म्हणून केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळालेली. पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये. पुढच्या वर्षी चालू राहायची तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. गुण ६४ टक्के, त्यामुळं त्या बाजूनं चिंता नव्हती. हजेरी ७१.

ती खिडकीवर आली तेव्हा हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. त्यातनं एकेक कागद काढून तिनं कठड्यावर मांडला. गुणपत्रक, पासबुकाची झेरॉक्स, सरपंचांच्या सहीशिक्क्याचं पत्र. मग मोबाईल पुढं केला. रस्त्यावर पसरलेलं तांबूस पाणी, पलीकडं थांबलेली एक एसटी, आणि फोटोच्या कोपऱ्यात तिचाच हात, त्यात चपला.

“सर, मांडुकलीजवळ पाणी हुतं. मी दोन दिवस तिथवर येऊन परत गेलो. मग घरात म्हणले, नको जाऊस.”

(आमच्याकडं मुलीही ‘गेलो’, ‘आलो’ म्हणतात. पुण्याच्या मंडळींनी लाल पेन खाली ठेवावा.)

मी हिशेब मांडला. सत्र ९० दिवसांचं. ७५ टक्क्यांना ६८ दिवस लागतात, तिचे भरलेले ६४. चार दिवस कमी. तिच्या बाजूचा रस्ता बंद होता ११ दिवस. ते ११ दिवस वजा केले तर ७९ पैकी ६४, म्हणजे ८१ टक्के. पण ते वजा करायचे कशाच्या आधारावर? शहरात कॉलेज चालूच होतं. पाऊस तिच्या तालुक्यात होता, हजेरीपट आमच्या. ७५ टक्के सत्राचे धरायचे की वर्षाचे, यावर आमच्याच ऑफिसात दोन मतं होती. वर्षाचे धरले असते तरी ती सुटली असती. पण पडताळणी ज्या सरांच्या लॉगिनवरनं व्हायची ते वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. म्हणाले, “उद्या ऑडिट आलं तर मी काय फोटो दाखवू? पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर.” अर्ज नाकारला गेला. मुलीनं कागद होते त्याच क्रमानं पिशवीत भरले. वर ‘थँक्यू सर’ म्हणाली, ते मला जास्त लागलं.

ती पुढं शिकली, पदवी घेतली. आईनं म्हशीच्या दुधाचं बिल दोन वर्षं तिकडं वळवलं. म्हणजे गोष्ट वाईट संपली नाही. पण सरकारनं ज्या कामासाठी १२,००० बाजूला काढून ठेवले होते, ते काम शेवटी म्हशीनं केलं.

दुसरा एक पोरगा शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी करायचा. फेटलिंगला. ओतीव कास्टिंगच्या कडा ग्राइंडरनं घासायचं काम. सकाळी आठला सुटून साडेदहाच्या तासाला हजर. त्या वर्षी कॉलेजनं अंगठ्याचं मशीन बसवलं होतं आणि ह्याचा अंगठा उमटायचाच नाही. रेषाच झिजलेल्या. पोरगा वर्गात बसलेला, मशीनच्या लेखी गैरहजर. प्राध्यापकांच्या वहीत त्याची हजेरी होती म्हणून निभावलं. ज्या कॉलेजात ती वही बंद झाली असेल तिथं काय होत असेल?

पुनर्मूल्यांकनाची भानगड तर याहून अवघड, कारण तिथं निसर्गही नाही आणि गरिबीही नाही, नुसत्या तारखा आहेत. एका मुलाला एका पेपरात ८० पैकी २९. ३२ ला पास. त्याच एका विषयावर पुढच्या वर्गात जाणं अडलेलं. मुलगा म्हणाला, पेपर चांगला गेलाय. फोटोकॉपी मागवली, एका प्रश्नाचे गुण बेरजेत धरलेच नव्हते. पुनर्मूल्यांकनाला टाकला, ३६ झाले. पास! पण हे कळेपर्यंत इतका वेळ गेला की प्रवेश उशिरा झाला आणि तोवर पोर्टलवरची मुदत संपली. चूक तपासणाऱ्याची, अर्जाची फी मुलानं भरली, वर त्याची त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या मुलाचं असं झालं असतं तर प्रकरण हजारांत गेलं असतं. चुकीची बेरीज करणाऱ्याचं काय झालं ते मला माहीत नाही. बहुधा पुढच्या वर्षी त्यांनाच गठ्ठा गेला असावा.

खंडाचा नियमही एकदा तपासून पाहा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत अट आहे की अभ्यासक्रम चालू असताना दोन किंवा जास्त वर्षांचा खंड नको. इकडं नवं शैक्षणिक धोरण सांगतं, वर्षानं बाहेर पडा, प्रमाणपत्र घ्या, परत या. क्रेडिट बँकेत आपली क्रेडिटं, म्हणजे पुरा केलेल्या अभ्यासाची जमा, सात वर्षं टिकतात. म्हणजे पोराची क्रेडिटं सात वर्षं ताजी आणि शिष्यवृत्ती दोन वर्षांत आंबते. दोन्ही नियम सरकारचेच. एकमेकांना कधी भेटलेले दिसत नाहीत.

आणि पैसे कधी येतात ते बोलूच नये. पहिल्या वर्षाचा हप्ता दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीला आलेला मी पाहिलाय. तोवर खोलीभाडं, मेस, पास हे सगळं उसनवारीवर. मुलाची प्रगती मात्र वेळच्या वेळी मोजायची.

इथं एक चांगला नियमही सांगायला हवा. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत मूल पहिल्यांदा नापास झालं तर सगळं तुटत नाही; परीक्षा फी आणि निर्वाह भत्ता मिळतो. त्याच वर्गात दुसऱ्यांदा नापास झालं, तर बंद. हा नियम करणाऱ्या माणसानं कधीतरी एखादं नापास झालेलं मूल जवळनं पाहिलं असणार. बाकीच्या योजनांत हा माणूस कुठं गेला?

आम्ही पंचगंगेकाठची माणसं. राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. पावसाळ्यात अख्खं शहर सकाळी उठून चहाआधी फूट आणि इंच विचारतं. त्या मधल्या चार फुटांत आंबेवाडी-चिखलीची माणसं जनावरं सोडून वर आणतात, धान्य माळ्यावर टाकतात. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी त्याच्याही खूप वर गेलं, नुकसान झालंच. पण इशारा पातळी नसती तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. आपल्या शिष्यवृत्त्यांना नुसती धोका पातळी आहे. मुलाला कळतं तेव्हा पाणी घरात आलेलं असतं. पहिलं सत्र संपताना ‘तुझी हजेरी ६९ आहे, पुढच्या सत्रात एवढे तास भरून काढ’ असं एका ओळीचं पत्र एकाही मुलाला पाठवायची सोय माझ्या बावीस वर्षांत नव्हती. मी आपला तोंडी सांगायचो, समोर दिसला तर.

माझा भाचा अमेरिकेत एका कॉलेजच्या मदतनिधी कार्यालयात आहे. अमेरिकेचा दाखला दिला की मंडळी तुमचं पत्र पुढं वाचत नाहीत, असं घरातनं बजावलंय, तरी थोडक्यात सांगतो. तिथल्या केंद्र सरकारच्या मदतीला अटी आपल्यापेक्षा सौम्य नाहीत. पदवी ठरलेल्या क्रेडिटांच्या दीडपटीत संपवावी लागते. १२० क्रेडिटांची पदवी असेल तर १८० च्या पुढं मदत नाही. घेतलेल्या विषयांपैकी साधारण ६७ टक्के सुटत जावे लागतात, आणि दोन वर्षांनी सरासरी श्रेणी किमान ‘सी’ हवी. पण दर सत्राला तपासणी करणाऱ्या कॉलेजात एखादा घसरला तर पुढच्या एका सत्रासाठी इशारा देता येतो, आणि त्या सत्रात मदत चालू राहते. तरीही सावरला नाही, तर त्याला अर्ज करता येतो: घरात मृत्यू झाला, आजारी पडलो, अशी अडचण आली. आता काय बदललंय, हेही लिहावं लागतं. मान्य झालं तर मदत परत सुरू, लागलं तर अभ्यासाचा आराखडा ठरवून. भाचा म्हणतो, सगळेच अर्ज मान्य होत नाहीत. ठीक आहे. पण अर्ज वाचायला कुणीतरी बसलेलं असतं.

आमच्याकडं असं काही करायचं म्हटलं की पहिली शंका ठरलेली: सगळे खोटे दाखले आणतील. आणतील की! एका पोराची आजी माझ्या टेबलावर तीनदा वारली. तिसऱ्यांदा मी विचारलं, आईकडची का वडिलांकडची? पोरगं हसलं आणि कागद परत घेऊन गेलं. खोटं ओळखायला समोर माणूस लागतो, त्याच तालुक्यातला असला तर उत्तम. तोड कधी आली हे कारखान्याच्या पावतीवरनं कळतं. रस्ता कधी बंद होता हे तहसीलदाराच्या नोंदीत असतं. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड असतं. आज खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा दोघंही सारखेच नाकारले जातात. त्यातनं खोट्याचा काही तोटा नाही, तो दुसरी वाट काढतो.

ज्यांच्या नावानं योजना चालते त्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. कडकच नियम. पण त्याआधी, १९०१ पासनं, एकेक समाजाची वसतिगृहं उभी राहिली होती. दसरा चौकात उभं राहिलं की अजून दिसतात. आधी मुलाची राहायची सोय, मग सक्ती, आणि दंड झाला तोही बापाला. जयंतीच्या दिवशी पुतळ्याला हार घालायला आपण सगळे येता. येताना हा क्रम एकदा आठवावा.

माझं मागणं फार मोठं नाही. नवी योजना नको, जादा निधी नको. अटी आहेत तशा ठेवा. पहिल्या सत्राच्या शेवटी ज्याचा आकडा घसरतोय त्याला आणि त्याच्या घरी मराठीत लेखी कळवा; मोबाईलवर चालेल, पण पालकांच्याही. शिष्यवृत्ती थांबवण्याआधी कॉलेजातच सुनावणी होऊ द्या: एक प्राध्यापक, ऑफिसचा एक माणूस, एक बाहेरचा. पंधरा दिवसांत निर्णय, आणि तो कारणासह कागदावर. जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार यांच्या नोंदीत ज्या तालुक्याचा रस्ता बंद होता, त्या तालुक्यातल्या मुलांचे ते दिवस हजेरीतनं वजा करा, कॉलेज शहरात चालू असलं तरी. पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागल्यावर पोर्टल त्या मुलापुरतं पुन्हा उघडा. आणि पडताळणी करणाऱ्या सरांना लेखी अभय द्या की समितीच्या निर्णयावर ऑडिट त्यांच्या अंगावर येणार नाही. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडं बहुतेक अर्ज कठोरपणानं नाकारले जात नाहीत, भीतीनं नाकारले जातात.

जुलै २०२४ पासनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, चांगलं झालं. आता गगनबावड्याच्या, शाहूवाडीच्या, भुदरगडच्या आणखी मुली या अटींच्या रांगेत येतील. पाऊस त्यांच्याकडं पूर्वीसारखाच पडणार आहे.

प्राचार्यांना एक वेगळं सांगायचंय. मंत्रालयाचा निर्णय येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या ऑफिसातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर एक वही ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

माझी वही माझ्याकडंच आहे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, रबरी शिक्के दिले, वही मागायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आत पोरांची नावं आहेत, म्हणून तशीच्या तशी देता येणार नाही. नावांवर पट्टी चिकटवून शेवटच्या रकान्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. कुणी मागितल्या तर रजिस्टर पोस्टानं पाठवतो. टपालखर्च माझा.

आपला,
शिष्यवृत्ती टेबलाचा एक निवृत्त लिपिक
कोल्हापूर